डिसॅरे, क्लटर, मेस, शॅम्बल्स: सगळ्यांना 'गोंधळ'च म्हणायचं का?

खानापूरकर:
तालुक्यातल्या एका वाचनालयाचा लेखापरीक्षण अहवाल इंग्रजीतून मराठीत आणायचा आहे. एकाच परिच्छेदात चार शब्द आलेत. दाखल नोंदवही डिसॅरेत, कोठीत क्लटर, हिशेब म्हणजे मेस आणि एकूण कारभार शॅम्बल्स. चारही ठिकाणी 'गोंधळ' लिहिलं. समितीतले एक जण म्हणाले, चालतंय, ठेवा. दुसरे म्हणाले, हे वाचून नेमकं काय आवरायचं ते शिपायाला कळणार नाही. बरोबर कोण?

शहापूरची:
दुसरे. प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी आहे, तिच्यावरून शब्द निवडा. क्लटर म्हणजे वस्तूच जास्त झाल्यात: पुस्तकांच्या कोठीत मोडकी खुर्ची, जुने बॅनर, रिकामे खोके. ते कितीही नीट रचलं तरी क्लटरच राहतं, बाहेर काढावं लागतं. म्हणून 'पसारा' नको, 'अडगळ' लिहा. डिसॅरेमध्ये सगळं हवंच असतं, फक्त क्रम मोडलेला असतो. नोंद क्रमांक ४१२ नंतर ४३०, मग परत ४१५. तिथं 'विस्कळीत'. हिशेबाला 'घोळ', कारण एक आकडा सुधारला की दुसरा बिघडतो आणि मूळ चूक सापडत नाही. 'हिशेब विस्कळीत' लिहिलंत तर पावत्या फक्त मागंपुढं झाल्यात असं वाटेल, आणि खजिनदार सुटेल.

इंग्रजीत उलट लिहायची वेळ आली तर एवढं सांभाळा: क्लटर, डिसॅरे, केऑस, हॅवॉक ह्यांच्याआधी सहसा 'अ' लावत नाहीत. मेसला लावतात. शॅम्बल्सच्या शेवटी 'स' दिसतो, तरी ब्रिटिश लेखनात 'अ शॅम्बल्स'च. अमेरिकन लोक 'इन शॅम्बल्स' लिहितात.

तंबाखूवखार, निपाणी:
शॅम्बल्स राहिला. हा मूळचा लाकडी बाक. पुढं मांस विकायचा फळा, मग खाटकांचा बाजार, मग कत्तलखाना, मग रक्तपात झालेली जागा. इंग्लंडात यॉर्क शहरात ह्याच नावाची अरुंद गल्ली आहे, पूर्वी खाटकांची. नुसती अव्यवस्था हा अर्थ विसाव्या शतकातला. मराठीत ह्याला 'बोजवारा' चपखल बसतो. पण बोजवारा 'उडतो', 'आहे' म्हणता येत नाही. वाक्य फिरवा: 'कारभाराचा बोजवारा उडाला आहे.'

शुद्धमराठी:
सरकारी अहवालात घोळ, बोजवारा हे शब्द शोभत नाहीत. चारही ठिकाणी 'अव्यवस्था' लिहा.

शहापूरची:
म्हणजे गोंधळालाच सोवळं नेसवलं. चौघांना एक शब्द ही मूळची अडचण तशीच राहिली की.

कॅम्प:
मेसवरून भांडताना मेसमधलं जेवण विसरू नका. शब्द तिथलाच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस' म्हणजे ताटात वाढलेला पदार्थ. त्यातून एकत्र जेवणारी पंगत. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातली मेस ती हीच, आणि कॉलेजवाल्यांची खानावळही. दुसऱ्या बाजूनं पदार्थाचं कालवण झालं, कालवणाची घाण झाली आणि घाणीचा घोळ. आपल्याकडं 'राडा'ही असाच चिखलातून वर आलाय. पावसात अंगणात राडा होतो तो चिखल, मुंबईत राडा होतो ती मारामारी.

तंबाखूवखार, निपाणी:
मारामारीवरून मेहेम. हा आणि 'मेम' (पंगू करणं) हे एकाच मुळाचे. जुन्या इंग्लिश कायद्यात एखाद्याचा अवयव असा निकामी करणं, की त्याला लढता येऊ नये, हा मेहेमचा गुन्हा. आता लग्नात पोरांनी धुडगूस घातला तरी मेहेम. हॅवॉक ही मूळची सैन्याला लुटीची मोकळीक देणारी आरोळी. ह्याला आपला तयार शब्द आहे, पेंढारगर्दी. 'गर्दी'चा जुना अर्थच दंगल, रणधुमाळी. पानिपतावरची भाऊगर्दी तीच. आता तिकिटाच्या खिडकीवरसुद्धा भाऊगर्दी होते.

चिकोडी कोर्ट:
कायद्याचा मजकूर असेल तर एवढी मोकळीक नाही. रायटला किमान पाच जणांचा बेकायदा जमाव लागतो आणि त्यानं बळाचा वापर करावा लागतो (भारतीय न्याय संहिता, कलम १९१). अॅफ्रेला दोघे पुरेत, पण मारामारी सार्वजनिक जागी होऊन शांतता भंगली पाहिजे (कलम १९४). दोन्हीला 'दंगा' लिहिलं की अर्थ गेला. तसंच 'लॉ अँड ऑर्डर' आणि 'पब्लिक ऑर्डर' वेगळे. राम मनोहर लोहिया विरुद्ध बिहार राज्य ह्या १९६५ च्या निकालात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळं कल्पिली: बाहेर कायदा-सुव्यवस्था, आत सार्वजनिक सुव्यवस्था, सगळ्यांत आत राज्याची सुरक्षितता. दोन दारुड्यांची हाणामारी बाहेरच्याच वर्तुळात राहते. डॉक्टरी कागदातला डिसऑर्डर आणखी निराळा. तिथं 'विकार'.

शुद्धमराठी:
मग कारभारासाठी निदान 'अनागोंदी' घ्या. अस्सल मराठी शब्द आहे.

तंबाखूवखार, निपाणी:
अस्सल मराठी? आनेगुंदी कोप्पळ जिल्ह्यात आहे, तुंगभद्रेच्या उत्तर काठाला, हंपीच्या समोर. १५६५ च्या लढाईत विजयनगर मोडलं, पुढं तिथल्या राजांकडं नाव राहिलं, राज्य उरलं नाही. त्यावरून 'अनागोंदी कारभार', असं सांगतात. 'आने' म्हणजे कन्नडात हत्ती हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

शुद्धमराठी:
गावाचं नाव सापडलं की लगेच व्युत्पत्ती होत नाही.

कॅम्प:
इंग्रजीत तरी होते. बेडलम हा लंडनच्या बेथलेम इस्पितळाच्या नावाचा अपभ्रंश. १२४७ ची मठसंस्था, पुढं तिथं वेड्यांचं इस्पितळ झालं. पँडेमोनियम तर इंग्रज कवी मिल्टननं १६६७ मध्ये नरकाच्या राजधानीला ठेवलेलं नाव.

सौंदत्ती रोड:
गोंधळाला एवढी नावं ठेवायलाय, पण खरा गोंधळ बघा. पाटावर नवा खण, खणावर धान्याचा चौक, चौकावर कलश. दिवटी पेटली की एकेका देवाला नाव घेऊन बोलावणं, त्यात आमची यल्लम्माही. मग संबळ-तुणतुण्यावर आख्यान, शेवटी आरती. ह्यातलं काही मागंपुढं झालेलं गोंधळी चालवून घेत नाहीत. एवढ्या शिस्तीच्या विधीचं नाव बेशिस्तीला कसं लागलं? लांबून नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी लावलं असणार.

चिकोडी कोर्ट:
कन्नडातही 'गोंदल' म्हणजे गडबड, आणि 'गोंदलिगरु' म्हणजे गोंधळी. दोन्ही अर्थ तिकडंही आहेत.

शुद्धमराठी:
आपल्याकडून गेले.

चिकोडी कोर्ट:
गेले की आले, कागद दाखवा.

शहापूरची:
ते राहू दे. 'सावळागोंधळ' मधला सावळा कुठनं आला, कुणाला ठाऊक आहे काय?