गॅस आला, तरी चूल का पेटते? सोलापूरकरांनो, तुमच्या घरचं लिहा

परवा माढ्याकडं गावी गेलो. ओट्यावर गॅसची शेगडी, शेगडीवर लोणच्याची बरणी आणि लाइटबिलांची पिशवी. परसात चूल धडाडून पेटलेली. आई म्हणाली, "टाकी हाय की. पाव्हणं आलं की लावते." उज्ज्वला योजना २०१६ ची, म्हणजे टाक्या येऊनही बरीच वर्षं झाली. तर जळण कुठून येतं, कोण आणतं, पूर्वी कुठून यायचं, ते लिहा.

मंगळवेढ्याहून:
आमच्या काळ्या रानात सावलीला झाड शोधावं लागतं. ज्वारीचा कडबा जनावरांचा, त्याला हात लावायचा नाही. उरतात तुरकाट्या आणि धसकटं. धसकटं उपटून आई हाताला चिंध्या बांधायची. त्यांचा जाळ भप्पकन होतो अन् विझतो. त्यामुळं भाकरी थापणारी एक आणि जाळ सारणारी एक, अशा दोघी लागायच्या. दुसरी मी. म्हणून माझी सकाळची शाळा बुडायची.

सांगोल्याहून:
डाळिंबावर तेल्या रोग आला, बाग काढली. त्या खोडांवर आमची चूल दोन वर्षं चालली. कर्ज मात्र अजून चालू आहे. आता ओढ्याकाठची वेडी बाभूळ. तोडावी तितकी फुटते, काटा चपलेतून आरपार जातो, पण निखारा झकास. तिला शिव्या घालणाऱ्यांनी आमच्याकडं येऊन स्वयंपाक करून दाखवावा.

मोहोळहून:
बायका मोळ्या आणतात म्हणून रान उजाड झालं, असं शाळेत शिकवायचे. मोळीत कधी बुंधा बघितलाय का कुणी? आमच्या बांधावर सात बाभळी होत्या. बहिणीच्या लग्नाला पैसे हवे होते, दादांनी व्यापाऱ्याला उक्त्या दिल्या. यंत्राच्या करवतीनं दुपारपर्यंत सगळ्या आडव्या. बुंधे ट्रॅक्टरनं गेले, आम्ही ढलप्या वेचल्या. पुढच्या उन्हाळ्यापासून आई सरपणाला दुसऱ्याच्या बांधावर जायला लागली, आणि बोलणी तिनं खाल्ली.

सोलापूर शहरातून:
आमच्या घरी विड्या वळायच्या. अंघोळीचं पाणी भुशाच्या शेगडीवर. मधोमध बाटली उभी धरून भुसा ठासायचा, मग बाटली अलगद काढायची. भुसा माझ्याकडून नेहमी ढासळायचा आणि मार बसायचा. बाकी काही नाही.

पंढरपूरजवळून:
सगळे म्हणतात, सबसिडी मिळते. ऑक्टोबर २०२३ पासून उज्ज्वलाच्या टाकीमागं ३०० रुपये, बरोबर. पण ते नंतर खात्यावर येतात, दारात टाकीवाल्याला पूर्ण पैसे मोजावे लागतात. आमचा पगार बाजाराच्या दिवशी, तोही तेल-मिठात जातो. सरपण मात्र रोज थोडं थोडं आणता येतं.

(धागाकर्ता: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गोबरगॅसचा अनुभव कुणाला आहे का?)

पुन्हा मंगळवेढ्याहून:
होता की आमचा. २०१९ च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, शेण तिकडंच राहिलं. परत आली ती दोनच, बाकी विकली. दोन जनावरांच्या शेणावर चहासुद्धा उकळेना. आता त्या टाकीवर कोंबड्या बसतात.