रोमिंगचं बिल ठरलेल्या रकमेला पोचलं की डेटा आपोआप बंद व्हायला हवा का?

पाऊलवाट
माझं मत आधीच सांगून टाकते. परदेशात रोमिंगवर असताना बिल एका ठरलेल्या रकमेपर्यंत गेलं की डेटा आपोआप थांबायला हवा, आणि ही सोय गिऱ्हाइकाने मागून घ्यायची नाही, ती पहिल्यापासून चालूच असायला हवी. ज्याला नको त्याने बंद करून घ्यावी.

हे लिहायचं कारण म्हणजे आत्ता घरी आलेलं बिल. सगळे मिळून सुट्टीला गेलो होतो, निघायच्या आधी प्रत्येकाच्या फोनवर रोमिंग पॅक घेतला, कुठल्या कुठल्या देशात चालतो ते वाचून घेतला. शेवटी शेवटी एका सीमेलगतच्या गावात मुक्काम होता आणि तिथे सासूबाईंच्या फोनने पलीकडच्या देशातला टॉवर पकडला. तो देश पॅकमध्ये नव्हता. त्या देशात आम्ही पाऊलसुद्धा टाकलं नाही! रात्रभर फोन चार्जिंगला लावलेला, दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ मागच्या मागे बॅकअपला चढत राहिले, आणि त्या एका रात्रीचा आकडा सगळ्यांच्या पॅकच्या बेरजेपेक्षा मोठा आला.

कस्टमर केअरचं एकच पालुपद, "मॅडम, डेटा रोमिंग ऑन होतं." अहो पॅक वापरायचा तर ते ऑन करावंच लागतं ना. फोनमधलं ते बटण सगळ्या देशांना मिळून एकच आहे, पॅकमध्ये कोणता देश आहे आणि कोणता नाही हे फोनला कळत नाही, कंपनीला कळतं. मग थांबवायचं कोणी?

रोखठोक
ताई, त्रास झाला हे वाईटच, पण मला हे पटत नाही. पॅक घेताना देशांची यादी समोर असते, यादीबाहेर प्रति एमबी काय दर लागेल तेही लिहिलेलं असतं, शिवाय नवीन नेटवर्क पकडलं की दराचा मेसेज येतो. इतकं सगळं सांगूनही कोणी वाचणार नसेल तर कंपनीने अजून काय करायचं? सीमेजवळ राहायचं असेल तर नेटवर्क ऑटोमॅटिक न ठेवता मॅन्युअली निवडून ठेवावं, फोन दुसऱ्या नेटवर्कवर जातच नाही, फारतर रेंज जाईल. आपल्या फोनची जबाबदारी आपली.

पाऊलवाट
मॅन्युअल नेटवर्कचा सल्ला चांगला आहे, पुढच्या वेळी सगळ्यांच्या फोनमध्ये तेच करणार. पण मेसेजचं म्हणाल तर तो रात्री आला, सासूबाई झोपलेल्या. आणि मेसेज येईपर्यंत डेटा थांबून राहत नाही हो, नेटवर्क पकडलं की लगेच सुरू होतो. "पुढे चालू ठेवायचं का" असं विचारून उत्तराची वाट बघणारा मेसेज वेगळा आणि नुसता कळवणारा वेगळा. मी पहिला मागतेय.

हिरवा_कंदील
आमच्याकडे मुलाच्या फोनने असंच केलं होतं, हॉटेलचं वायफाय कमजोर पडलं की फोन स्वतःहून मोबाइल डेटावर जातो ना, ते आयफोनमधलं वायफाय असिस्ट, त्यानेच सगळा घोळ होतो. ते आधी बंद करा सगळ्यांनी.

तारायंत्र
हिरवा_कंदील, तेवढं एक दुरुस्त करतो, वायफाय असिस्ट डेटा रोमिंगवर असताना आपोआप चालू होत नाही, ॲपलनेच तसं ठेवलंय. तुमच्याकडे बहुतेक वायफाय पूर्ण तुटलं असेल, मग फोन नेहमीसारखा मोबाइल डेटावर जाणारच, त्याला असिस्ट लागत नाही. फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट आणि आपोआप चालू होणारे व्हिडिओ हे तीन बंद केले तर बराच भाग वाचतो.

आता मूळ मुद्दा. बरीच वर्षं टेलिकॉमच्या बिलिंगमध्ये काढली म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण "परदेशातल्या कंपनीकडून हिशोब उशिरा येतो, आम्हाला तेव्हा कळत नाही" हे उत्तर गिऱ्हाइकांना सर्रास दिलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे.

हिशोब उशिरा येतो हे खरं. परदेशातली कंपनी आपल्या कंपनीला वापराच्या नोंदी फाइल करून पाठवते, त्याला टॅप फाइल म्हणतात, त्यावरून दोन कंपन्यांची आपसातली देणीघेणी होतात. त्याला वेळ लागतो. फसवणूक पकडायला म्हणून वेगळी झटपट नोंदींची पद्धत आहे, त्यात चार तासांच्या आत नोंदी पाठवायच्या असतात.

पण डेटाचं प्रकरण वेगळं आहे. रोमिंगमध्ये डेटा बहुतेक वेळा होम रूटेड असतो, म्हणजे तुम्ही कुठल्याही देशात असा, तुमचा डेटा तिथल्या टॉवरवरून निघून आधी तुमच्या मूळ कंपनीच्या गेटवेवर, म्हणजे तिच्या इंटरनेटच्या दारावर, येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. म्हणूनच परदेशात रोमिंगवर सर्च केलं तर पुष्कळदा आपल्याच देशातली पानं वर दिसतात आणि हॉटेलच्या वायफायवर गेलात की तिथली दिसायला लागतात, कोणीही करून बघावं. आता जो डेटा कंपनीच्या स्वतःच्या दारातून जातोय तो किती गेला हे तिला महिनाअखेरीला कळतं, असं म्हणता येत नाही. त्याच क्षणी मोजता येतो. प्रीपेडवाल्याचा बॅलन्स संपला की त्याचा डेटा तिथल्या तिथे थांबतोच की. पोस्टपेडला थांबत नाही कारण तसं ठेवलेलं नाही, एवढंच.

पाऊलवाट
तारायंत्र, हे मला अजिबात माहीत नव्हतं. कंपनीने मला लेखी कळवलंय की "पार्टनर नेटवर्ककडून माहिती उशिरा मिळाल्याने आगाऊ सूचना देता आली नाही." हे वाचल्यावर आता जास्तच राग आला.

दूरदेशी
मी थोडी वेगळी बाजू मांडते. कायम फिरतीची नोकरी आहे आणि मला आपोआप बंद होणाऱ्या डेटाची भीती वाटते. परक्या गावात, भाषा येत नाही, मध्यरात्री टॅक्सी बोलवायचीय किंवा घरच्या कोणाला दवाखान्यात न्यायचंय, नकाशा उघडलाय आणि तेवढ्यात डेटा गेला. माझ्या सोबतच्या एका बाईंवर अशी वेळ आलेली मी बघितली आहे, त्यांची लिमिट संपली होती, हातात फोन असून काही करता येईना आणि त्या रडकुंडीला आल्या होत्या. बिल नंतर भांडून कमी करता येईल, ती वेळ परत आणता येत नाही. त्यामुळे सगळ्यांना सरसकट बंद करा म्हणू नका. ज्याला लिमिट हवी त्याने लावून घ्यावी. युनायटेड किंगडममध्ये असंच आहे, २०१८ पासून प्रत्येक गिऱ्हाइकाला बिलावर मर्यादा लावायचा पर्याय कंपनीला द्यावाच लागतो, लावायची का आणि किती ते गिऱ्हाईक ठरवतं. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

बेरीज_वजाबाकी
दूरदेशी, तुमची भीती खरी आहे पण त्यावर उपाय आधीच निघालेला आहे. युरोपियन युनियनमध्ये २०१० सालीच नियम आला, गिऱ्हाइकाने वेगळं काही सांगितलं नसेल तर रोमिंग डेटाची मर्यादा कर सोडून ५० युरो. ८० टक्के झाले की सूचना, मर्यादा गाठली की दुसरी सूचना, त्यात पुढे चालू ठेवायचं तर काय करायचं आणि काय दर पडेल ते लिहिलेलं असतं. तुम्ही होकार दिलात तर चालू राहतं, उत्तर दिलं नाहीत तर बंद. म्हणजे दवाखान्याच्या वेळी तुम्ही एक उत्तर पाठवता आणि पुढे जाता, आणि पाऊलवाट यांच्या सासूबाई झोपलेल्या असतात तेव्हा आपोआप थांबतं. दोघींचंही भागतं.

२०१७ च्या जूनपासून तिथे युनियनच्या आतलं रोमिंग घरच्याच दराने झालं, ती सवलत २०३२ पर्यंत वाढवलेली आहे. पण स्वित्झर्लंड त्यात नाही, आणि बाजूच्या देशांतून फिरणाऱ्यांचे फोन तिथले टॉवर पकडतात. म्हणजे सीमेची ही अडचण तिथल्या लोकांनाही आहेच.

रोखठोक
बेरीज_वजाबाकी, नियम सांगताय तर पूर्ण सांगा. २०१२ ला तो युनियनबाहेरच्या प्रवासालाही लावला, पण त्यात सूट ठेवली, बाहेरच्या देशातली कंपनी जर चालू वापर लगेच बघू देत नसेल तर डेटा तोडायचं बंधन नाही. म्हणजे तिथल्या सरकारांनाही मान्य आहे की हे सगळीकडे जमत नाही. तारायंत्र म्हणतात तितकं सोपं असतं तर ही सूट कशाला ठेवली असती?

दुसरं म्हणजे आपोआप मर्यादेचा खर्च शेवटी सगळ्या गिऱ्हाइकांवर पडणार, जे कधी परदेशात जातच नाहीत त्यांच्यावरही. जाणाऱ्याने तिथलं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्यावं, प्रीपेडच असतं, संपलं की संपलं, बिलाचा प्रश्नच येत नाही. घरचं सिम नुसतं मेसेज आणि ओटीपीपुरतं चालू ठेवायचं, त्याचा डेटा बंद.

तारायंत्र
सूट आहे, बरोबर. पण तिचा अर्थ "जिथे दिसत नाही तिथे" असा आहे. होम रूटेड डेटामध्ये दिसतं. जिथे खरंच दिसत नाही तिथे कंपनीने गिऱ्हाइकाला आधी सांगावं की इथे आम्ही मोजू शकत नाही, मग तो डेटा चालू करेल किंवा करणार नाही.

खर्चाबद्दल बोलायचं तर मोजणारी यंत्रणा प्रीपेडसाठी उभीच आहे. पोस्टपेडच्या रोमिंगला ती लावायची म्हणजे काम आहे, फुकट होत नाही, हे मान्य. पण नवी यंत्रणा बांधावी लागते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ई-सिमचा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर. फक्त दोन सिम असताना डेटा कोणत्या सिमवर आहे ते तपासा आणि एका सिमची रेंज गेली की दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सेटिंग असेल ती बंद करा.

समुद्रपक्षी
जहाज कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. क्रूझवर आणि काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते सॅटेलाइटवरून चालतं, आणि ते कुठल्याच देशात मोडत नाही त्यामुळे साध्या पॅकमध्ये बहुधा नसतं. किनारा सुटला की जमिनीवरचा टॉवर जातो आणि फोन शोधत शोधत जहाजाचं नेटवर्क धरतो. इथले दर जमिनीवरच्या रोमिंगशी तुलना करण्यासारखे नसतात, खूप जास्त असतात. चढल्या चढल्या एअरप्लेन मोड, मग वाटलं तर वायफाय चालू. घरातल्या प्रत्येकाचा फोन, मुलांचे टॅबसुद्धा.

दूरदेशी
बेरीज_वजाबाकी, होकार दिला की चालू राहतं हे असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. एकच अट, तो होकार घेणारा मेसेज किंवा पान डेटा थांबलेला असतानाही उघडलं पाहिजे आणि एका उत्तरात काम झालं पाहिजे. कस्टमर केअरला फोन लावून अर्धा तास गाणं ऐकायला लागणार असेल तर तो होकार कामाचा नाही.

कागदपत्र
वाद चालू द्या, पण पाऊलवाट ताईंना आत्ता काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. मी ग्राहक तक्रारींचं काम करते. आधी ऑटोपे असेल तर बँकेकडून या बिलापुरतं थांबवा, पण बिल अख्खं अडवू नका. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती वेळेत भरा, वादातली रक्कम किती आणि का हे लेखी कळवा, ईमेलवर, फोनवर नको. नाहीतर थकबाकी म्हणून सिम बंद करतील आणि मूळ तक्रार बाजूला पडेल.

मग वापराचा तपशील मागा, वेळ, नेटवर्कचं नाव, देश आणि प्रत्येक सेशनचा, म्हणजे डेटाच्या प्रत्येक जोडणीचा, वापर. तुमच्या बाबतीत त्यावर सगळं अवलंबून आहे, कारण एकाच रात्रीत फोन दोन देशांच्या नेटवर्कवर आलटून पालटून गेल्याचं त्यात दिसलं तर सीमेवरच्या टॉवरचा मुद्दा तुम्हाला वेगळा सिद्ध करायला लागत नाही. मुक्कामाची हॉटेलची पावती जोडा. दराचा मेसेज किती वाजता आला त्याचा स्क्रीनशॉट काढा, सासूबाईंच्या फोनमधून तो पुसू नका. आणि तारायंत्र यांनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारा, हा डेटा होम रूटेड होता का, असेल तर त्याच वेळी मोजला जात होता का. कंपनीच्या आत वरच्या पातळीवर अपील असतं ते करा, त्यांचं अंतिम उत्तर लेखी घ्या, पुढे कंपनीबाहेर तक्रार करायची वेळ आली तर ते कामाला येतं.

रोखठोक
कागदपत्र यांनी सांगितलेलं सगळं करा, त्याला माझा विरोध नाही, सीमेवरच्या टॉवरचं बिल माफ व्हायला हवं असंच मला वाटतं. ब्रिटनमध्ये तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून अशा नकळत होणाऱ्या रोमिंगपासून कसं वाचायचं ते कंपनीने गिऱ्हाइकाला सांगायचं असा नियमच आहे. पण सगळ्यांना पहिल्यापासून मर्यादा, यावर मी अजून ठाम आहे, नको. जो माणूस कामासाठी जातो आणि ज्याचा खर्च ऑफिस देतं त्याचा डेटा मीटिंगच्या मध्येच का थांबवायचा?

पाऊलवाट
त्याने निघायच्या आधी एकदा मर्यादा काढून टाकावी, त्याला ते जमतं. माझ्या सासूबाईंना ती लावून घ्यायची असते हेच कधी कळलं नसतं. म्हणून पहिल्यापासून काय असावं हे ठरवताना मी त्यांच्या बाजूने विचार करते, ऑफिसवाल्याच्या नाही.

कागदपत्र, खूप आभार. हॉटेलची पावती सापडली, मेसेज रात्री १ वाजून १० मिनिटांचा आहे आणि बिलात पहिलं सेशन त्याच्या आधीचं दिसतंय. सेशनवार तपशीलाची मागणी आत्ताच ईमेल केली, होम रूटेडचा प्रश्न त्यातच घातलाय. उत्तर आलं की इथे टाकते.