‘बिल्ड-टाइम ऑप्शन’ला मराठीत काय म्हणायचं? पर्याय, दिंड की बेत

उदगीरची मास्तरीण

डिप्लोमाच्या पोरांसाठी मराठीतून टिपणं लिहायला घेतलीत. सध्या लिबईव्हीवर आहे. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: सी भाषेतली छोटी लायब्ररी आहे, मार्क लेहमान यांची, २००७ पासूनची. एकाच प्रोग्रॅमला शंभर जागी लक्ष ठेवायचं असतं. या सॉकेटवर काही आलं का, तो टायमर संपला का. ते लक्ष ठेवायचं काम ही करते, आणि लिनक्स, बीएसडी, मॅक, थोडंफार विंडोज, सगळीकडं करते.

अडले ते एकाच जागी. लायब्ररी कंपाइल करायच्या आधी मॅक्रो (कोडमध्ये आधीच नाव देऊन ठेवलेली किंमत) लिहून तिला काही गोष्टी सांगता येतात. ईपोल घे किंवा सोड, सिलेक्ट ठेव (ही दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिमकडून ‘काही आलं का’ ते कळून घ्यायची साधनं), प्रायॉरिटीच्या पायऱ्या इतक्या, लूप (लक्ष ठेवणारा फेरा) एकच की अनेक. एकदा बांधून झालं की यातलं काही बदलत नाही. मी लिहिलं ‘बांधणीवेळचे पर्याय’. वर्गात वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, पर्याय हायत तर चालू असतानाच दुसरा घेतला तर?”

पोराचं काय चुकलं? रस्त्याला पर्याय असतो, भाजीला पर्याय असतो, एक नाही जमला तर दुसरा. ‘पर्याय’ या शब्दाला मुदतच नाही. मला असा शब्द पाहिजे की ऐकल्याबरोबर कळावं, ठरवायचं ते आत्ताच ठरव, नंतर येऊ नको.

आणि कृपा करून ‘संकलनकालीन विकल्प’ कुणी सुचवू नका. संकलन म्हटलं की आमच्या पोरांना रक्त आठवतं, नाहीतर कचरा.

किनवटकर

लई विचार करायलात ताई. बिल्ड-टाइम ऑप्शनच लिहा की. पोरं उद्या पुण्याला मुलाखतीला जातील, तिथं कोण ‘बांधणीवेळ’ विचारणार?

उदगीरची मास्तरीण

शब्द तोच राहू दे रे, वर्गात मीही तोच बोलते. पण तो समजावून सांगताना मराठीतच बोलावं लागतं ना? तेव्हा तोंडात कुठला शब्द घ्यायचा, एवढंच विचारतेय.

अंबाजोगाईचे गुरुजी

ताई, संगणकातलं मला कळत नाही, नातू वाचून दाखवतो. पण तुम्ही म्हणता तसली गोष्ट तिफणीत असते. सुतार तिफण करायला बसला की आधी विचारतो, कशासाठी पाहिजे? ज्वारी म्हटलं की दोन फणांत दीड फूट धरतो आणि दिंडाला (फण बसवायच्या आडव्या लाकडाला) भोकं पाडतो. भोकं पडली की विषय संपला. उभ्या पेरणीत कुणी म्हणालं, आता तूर पेरू, ओळी लांब लांब धर, तर ते दिंड ऐकत नाही. फार तर मधल्या नळीत चिंधीचा बोळा कोंबून ती ओळ बंद करता येते. बी दाट पडायचं की पातळ, हे मात्र चाड्यावरच्या (बी सोडायच्या वाटीवरच्या) मुठीत असतं. ती मूठ चालता चालता बदलते, बाईमाणूस सराईत असलं तर पावलागणिक बदलते.

म्हणून मी म्हणेन, एक ‘दिंडातली निवड’ आणि दुसरी ‘मुठीतली निवड’.

सेलूचा प्रोग्रॅमर

गुरुजी, नातवाला सांगा, बोळ्याचं तुम्ही जे लिहिलंत ते लिबईव्हीत जसंच्या तसं आहे. लिबईव्ही-फ्लॅग्ज नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून द्यायची किंमत) असतो. त्यात आकडा लिहायचा: सिलेक्टचा १, पोलचा २, ईपोलचा ४, बीएसडीच्या केक्यूचा ८. ३ लिहिलं तर सिलेक्ट आणि पोल एवढ्याच नळ्या उघड्या, बाकीच्यांत बोळा. प्रोग्रॅम पुन्हा बांधायची गरज नाही, सुरू करताना लिहिलं की झालं. पण बांधतानाच ईपोल गाळला असेल आणि तुम्ही ४ लिहिलं, तर लूप तयारच होत नाही. भोकच नाही तर बोळा काढून काय उपयोग?

तरी ‘दिंड’ला माझी हरकत आहे. एक तर माझ्यासोबतच्या पोरांनी तिफण बघितली असेल ती बैलपोळ्याच्या देखाव्यात. दुसरं, आता पेरणी ट्रॅक्टरनं होते, आणि त्या यंत्राचे फण नट ढिले करून पाहिजे तसे सरकवता येतात. म्हणजे ज्याला आज पेरणी माहीत आहे, त्याला ‘दिंडातली निवड’ म्हटल्यावर नेमका उलटा अर्थ कळणार.

अंबाजोगाईचे गुरुजी

हे मात्र खरं. नातूही हेच म्हणाला, मी त्याला गप्प बसवलं होतं.

लातूरचा, शिंप्याच्या घरातला

आमच्या घरात यासाठी शब्द आहे, रोजचा. बेतणं.

वडील कापड पाटावर अंथरतात, माप बघून खडूनं रेघा ओढतात, मग कात्री. हे सगळं म्हणजे बेतणं. शिवणं वेगळं. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, कॉलर बदला, खिसा वर घ्या, तर वडील आधी एकच विचारतात, “बेतलं का अजून नाही?” घरातून आवाज आला “बेतलं”, की गिऱ्हाईक आपोआप गप्प होतं. मास्तरीणबाईंना जी मुदत पाहिजे ती या शब्दातच आहे.

शिवाय बेत म्हणजे आधी योजलेलं. जेवणाचा बेत, लग्नाचा बेत. म्हणून लायब्ररी बांधायच्या आधी जे ठरवायचं ते ‘बेत’, ठरवायचं काम म्हणजे ‘बेतणी’, आणि एकेक मॅक्रो म्हणजे बेतातलं एकेक माप.

आता मायेचं. माया म्हणजे शिवणीत आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड. शाळेच्या पोराचा शर्ट असला की वडील बोटभर माया ठेवतात. पुढल्या वर्षी उसवून तेवढा ढिला करता येतो, पण तेवढाच. सेलूच्या दादांनी आकड्यांचं सांगितलं ते मला असं दिसतं: तुमचा तो ४ मायेतला आहे. माया ठेवली असेल तर सोडता येते.

उदगीरची मास्तरीण

मला वाटतं सापडलं. ‘बेत’ ऐकून मागच्या बाकावरचा पुन्हा विचारणार नाही, कारण त्याची आई ब्लाऊज शिवते.

लगेच करून बघते. लिबईव्हीत ईव्ही-फीचर्स नावाचं एक मोठं माप आहे, सात बिटांचं. पहिला बिट वेगवान पण फुगलेल्या कोडचा, दुसरा डेटा स्ट्रक्चरचा, तिसऱ्यात प्रायॉरिटी आणि अनेक लूप, मग पूर्ण एपीआय, मग सगळे वॉचर (एकेका गोष्टीवर लक्ष ठेवणारे), सगळे बॅकएंड (ईपोल, सिलेक्ट अशी साधनं), आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमच्या खास सोयी. काही न सांगता बांधलं तर साधारण १२७, म्हणजे सातही चालू. हा झाला रेडिमेड, सगळ्यांना होईल असा ढगळ. शून्य लिहून पाहिजे तेवढंच एकेक चालू केलं तर तो अंगावर बेतलेला. जमतंय.

सेलूचा प्रोग्रॅमर

जमतंय. आणि ‘जिवावर बेतणं’ हा वाक्प्रचार फुकटात मिळतो. माझ्या जिवावर बेतलं होतं, सांगतो.

बोअरच्या मोटारीच्या स्टार्टरला जोडायची एक पेटी मी करत होतो. आत ३२ बिटी एआरएम बोर्ड, मेमरी बेताची. (बघा, इथंही बेत आला.) लिबईव्हीत प्रायॉरिटीच्या पाच पायऱ्या असतात, उणे २ ते अधिक २. मला एकही नको होती. ईव्ही-मिनप्राय आणि ईव्ही-मॅक्सप्राय दोन्ही शून्य केले की मेमरी वाचते, दस्तऐवजातच तसं लिहिलंय. केले. पण मेकफाइलमध्ये हे फक्त लायब्ररीच्या ओळीला लिहिलं. माझा स्वतःचा प्रोग्रॅम ‘ईव्ही डॉट एच’ जुन्याच मापानं वाचत राहिला.

कंपाइल झालं, लिंक झालं, एक वॉर्निंग नाही. चालवलं तर दहा सेकंदांनी वाजायचा टायमर क्षणात वाजला आणि सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम कोसळला. दोन रात्री मी वायरिंग तपासत बसलो!

झालं होतं ते असं. टायमरच्या रचनेत ओळीनं खण असतात: चालू आहे का, हाक प्रलंबित आहे का, प्रायॉरिटी, डेटा, मग कॉलबॅक (वेळ झाली की बोलवायचं फंक्शन), मग वेळ. मिनप्राय आणि मॅक्सप्राय सारखे केले की प्रायॉरिटीचा खणच निघून जातो आणि मागचे खण पुढं सरकतात. माझ्या मापानं कॉलबॅक सोळाव्या बाइटला होता. लायब्ररी तो बाराव्याला शोधत होती, जिथं माझ्या मापानं डेटा होता. डेटा मी भरलेलाच नव्हता, म्हणजे शून्य. त्या शून्य पत्त्यावर ती उडी मारून मोकळी.

पुढचा भाग एका मापानं आणि पाठ दुसऱ्या मापानं बेतली. सी भाषेचा लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारा) फक्त नावं जुळवतो, मापं बघत नाही.

लातूरचा, शिंप्याच्या घरातला

पण सगळीच मापं अशी नसतील ना? छाती चुकली तर शर्ट गेला. गुंड्या वेगळ्या लावल्या तर काय बिघडतं?

सेलूचा प्रोग्रॅमर

अगदी तसंच. लिबईव्हीच्या दस्तऐवजात काही मॅक्रोंपुढं ‘एच’ची खूण केलीय. ते हेडर वाचताना वेगळे असले तरी चालतं, त्या गुंड्या. खूण नसलेले सगळे छातीचे. ते लायब्ररीला आणि तिला वापरणाऱ्या प्रत्येक फाइलला सारखेच पाहिजेत.

मी आता काय करतो ते मास्तरीणबाईंनी टिपणात घालावं. ईव्ही-स्टँडअलोन १ लिहायचं, खाली आपली मापं लिहायची, आणि ‘ईव्ही डॉट सी’ ही अख्खी फाइलच आपल्या प्रोग्रॅममध्ये ओढून घ्यायची. कॉन्फिगर स्क्रिप्ट लागत नाही. मापं एकाच छोट्या हेडरमध्ये ठेवायची आणि सगळीकडं तोच वाचायचा. एक वही, एक माप.

पैठणहून

उशिरा येतेय. पैठणीच्या मागावर ताणा (उभे धागे) एकदा चढवला की त्याचा रंग ठरला. बाणा (आडवा धागा) मात्र हातानं कितीही रंगांचा घालता येतो. ‘ताण्यातलं’ आणि ‘बाण्यातलं’ असं म्हटलं तर?

लातूरचा, शिंप्याच्या घरातला

सुंदर आहे ताई, पण ‘ताण्यातलं’ ऐकून पोरांना परीक्षेचा ताण आठवेल.

पैठणहून

मान्य. बेतच बरा.

किनवटकर

आता इतकं झालंच तर ‘इव्हेंट लूप’लाही बघा. आमच्याकडं एकानं ‘घटनाचक्र’ लिहिलंय. मला तर बातम्यांच्या कार्यक्रमाचं नाव वाटलं.

अंबाजोगाईचे गुरुजी

आवर्तन म्हणा. जायकवाडीच्या कालव्याला पाणी सोडतात ते आवर्तन.

सेलूचा प्रोग्रॅमर

गुरुजी, आवर्तन ठरलेल्या तारखेला येतं, निदान कागदावर. इव्हेंट लूपला तारीख नसते. खरं तर तो गरगर फिरतही नाही. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) सांगतो, यांपैकी कशावरही काही आलं तर उठव, आणि झोपतो. ईपोल, केक्यू ही त्या झोपण्याची यंत्रं. लूपपेक्षा हा दारं धरणारा माणूस आहे. बांधावर बसलाय, वाफा भरला की उठतो, दारं मोडतो, पाणी पुढच्या वाफ्यात लावतो, परत बसतो.

किनवटकर

मग वॉचर?

उदगीरची मास्तरीण

जागल्या. रात्री रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून माळ्यावर बसतो तो. एकेक जागल्या एकेका बांधावर, हाक मात्र एकाच माणसाला. प्रायॉरिटी म्हणजे दोन हाका एकदम आल्या तर आधी कुणाकडं पळायचं. हा शब्द मी कालच वापरला, वर्गात एकालाही समजावून सांगावा लागला नाही. ‘इव्हेंट लूप’ मात्र तसाच ठेवतेय. दारं धरणारा गोष्टीत चांगला वाटतो, शीर्षकात बसत नाही.

सेलूचा प्रोग्रॅमर

आणि ‘पोर्टेबल’ला सुवाह्य नको. सुवाह्य म्हणजे काखेत मारून नेता येईल असं. इथं अर्थ वेगळा आहे, कुठल्याही रानात चालणारं. काळ्या रानात एक औत, मुरमाडात दुसरं. लिनक्स दिसला की ईपोल, फ्रीबीएसडी दिसला की केक्यू, काहीच नाही तर सिलेक्ट. सिलेक्ट जवळजवळ सगळीकडं चालतो, पण जोर कमी. लिनक्सवर साध्या सिलेक्टला १०२४ च्या वरचे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे, सॉकेटांचे आकडे) झेपत नाहीत, लिबईव्ही शक्य तिथं ही मर्यादा टाळते; विंडोजवर तर मुळात ६४ सॉकेटच.

उदगीरची मास्तरीण

‘रान बघून औत’ घेतलं. टिपणात आता असं लिहिलंय, चूक दिसली तर सांगा:

“लिबईव्ही शिवायच्या आधी बेतावी लागते. बॅकएंड कोणते, प्रायॉरिटीच्या पायऱ्या किती, लूप एक की अनेक, ही मापं मॅक्रोंत लिहितात. अनेक लूप ठेवले तर जवळजवळ प्रत्येक फंक्शनला पहिला पॅरामीटर म्हणून लूप द्यावा लागतो. एकच ठेवला तर तो लिहायचाच नसतो. बेत बदलायचा असेल तर पुन्हा बांधावं लागतं. प्रोग्रॅम सुरू करताना लिबईव्ही-फ्लॅग्जमधून जे बदलता येतं ते मायेतलं, बेतात ठेवलं असेल तेवढंच.”

लातूरचा, शिंप्याच्या घरातला

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, “शिवायच्या आधी बेतावीच लागते” असं लिही, ‘च’ पाहिजे.

किनवटकर

‘मॅक्रो’ला काय?

उदगीरची मास्तरीण

मॅक्रो.