मदत हवी आहे: महापालिका म्हणते नकाशा "अभिलेखात आढळून येत नाही", माहिती अधिकारात पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी 1980 च्या आसपासची. तीन मजले, लिफ्ट नाही, गच्ची गळते. आता पुनर्विकासाचं चाललंय. आर्किटेक्टने पहिल्याच बैठकीत मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागितलं. सोसायटीच्या कपाटात यातलं काहीही नाही. बिल्डर केव्हाच वारले. त्यांच्या मुलाने "बाबांच्या वेळचं मला काही ठाऊक नाही" म्हणत हात वर केले.

मग नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज दिला. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आवकची पोच, सगळं रीतसर. महापालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढेही तिथेच जायचंय.

उत्तर मुदतीत आलं, पण असं: नकाशा व परवानगी "शोध घेतला असता अभिलेखात आढळून येत नाही, सबब देता येत नाही". आणि भोगवटा प्रमाणपत्र "त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने नाकारण्यात येत आहे". अपील कोणाकडे करायचं याचा पत्रात उल्लेखच नाही.

हाताशी एकच धागा आहे. एका सभासदाच्या जुन्या करारनाम्याला नकाशाची फोटोकॉपी जोडलेली आहे. कोपऱ्यातला शिक्का अर्धा उठलाय, परवानगी क्रमांकाचा शेवटचा आकडा 3 आहे की 8 ते भिंगातूनही कळत नाही. अर्जात मी 3 आणि 8 दोन्ही लिहिले होते.

प्रश्न असे:
"आढळून येत नाही" हे उत्तर कायद्यात बसतं का?
थेट अपील करू, की नव्याने अर्ज करून आधी फाइल बघायला मागू?
खिडकीवरचे साहेब म्हणाले, सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज चालत नाही. खरं आहे का?

जाणकारांनी सांगावं. वकील करण्याइतका निधी सध्या नाही, आणि सभासदांची वर्गणी काढायची म्हणजे तो वेगळाच धागा होईल.

– तिसरामजला

*

जुनीफाइल: आधी लेटरहेडचं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 3 प्रमाणे हा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही. त्यामुळे साहेब अगदीच चुकीचं बोलले नाहीत. तुमच्या नावाने अर्ज करा, पत्ता सोसायटीचा द्या, विषय संपला.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पत्रातच तुमचं अपील आहे. भोगवटा प्रमाणपत्र त्यांनी "नाकारलंय", म्हणजे ते त्यांच्याकडे आहे. भोगवटा देताना बांधकाम मंजूर नकाशाशी ताडून बघतात आणि प्रमाणपत्रात परवानगीचा क्रमांक व तारीख लिहितात. मग भोगवटा आहे आणि परवानगीची नोंद कुठेच नाही, हे कसं? अपिलात पहिला परिच्छेद हाच लिहा.

त्रयस्थ पक्षाचं म्हणाल तर कलम 11 मध्ये नुसतं नाकारायची सोय नाही. त्या पक्षाला पाच दिवसांत नोटीस द्यायची, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे आणि मग निर्णय घ्यायचा. नोटीस दिली असेल तर प्रत मागा. मोफा 1963 (महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा) नुसार मंजूर नकाशे बिल्डरने खरेदीदाराला दाखवायचेच असतात, तिथे गोपनीय काय डोंबल?

तिसरामजला: वा! हे लक्षातच आलं नव्हतं. पण अपील कोणाकडे? पत्रात नाव नाही.

जुनीफाइल: नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवणं कलम 7(8) प्रमाणे बंधनकारक आहे. तेही अपिलात लिहा. कार्यालयात जन माहिती अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक असतो, त्यावर बघा. नसेल तर "प्रथम अपिलीय अधिकारी, नगररचना विभाग" एवढं पुरे. जोडपत्र 'ब' (अपिलाचा नमुना), वीस रुपयांचा स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत. ही मुदत चुकवू नका, बाकी सगळं नंतर सावरता येतं.

आवकजावक: मी निवृत्त आहे, अशाच एका खात्यातून. "आढळून येत नाही" हे माहिती नाकारायचं कारण कलम 8 किंवा 9 मध्ये कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितलंय की माहिती एकेकाळी कार्यालयाकडे होती, तर ती शोधायचा नीट प्रयत्न व्हायला हवा, आणि सापडत नसेल तर जबाबदारी ठरवायला हवी. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 आहेच. कागद नियमाने नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची यादी असते. ती मागा. यादीही नाही आणि कागदही नाही असं लेखी द्यायला कोणी सहज धजत नाही, मग शोध जरा मनापासून होतो.

अपील आणि पाहणी यातलं एक निवडायची गरज नाही. अपील टाका आणि सोमवारी दुपारी 3 ते 5 मध्ये जाऊन बसा. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये त्या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत असा शासनाचा 2018 चा आदेश आहे. परवानगी क्रमांकाच्या मागे लागू नका. 3 की 8 हा घोळ तिथेच राहू दे. सर्व्हे नंबर सांगा आणि त्या वर्षाची बांधकाम परवानगी नोंदवही मागा. नोंदी तारखेच्या क्रमाने असतात, बिल्डरचं नाव किंवा सर्व्हे नंबर दिसला की क्रमांक आपोआप कळेल. फोटो काढू देत नसतील तर नोंदवहीच्या त्या पानाची प्रत मागा, दोन रुपये पान.

एक शंका. तुमच्याकडे महापालिका कधी झाली? कित्येक शहरांत त्याआधी नगरपालिका होती, 1982 च्या सुमाराला महापालिका झाल्या. परवानगी नगरपालिकेच्या काळातली असेल तर त्या फाइली जुन्या इमारतीतल्या अभिलेख कक्षात वेगळ्या बांधून ठेवलेल्या असू शकतात. नगररचनेच्या कारकुनाला त्या कक्षाची किल्लीही माहीत नसते.

तिसरामजला: बरोबर ओळखलंत, आधी नगरपालिकाच होती. जुनी इमारत अजून उभी आहे, खाली जन्म-मृत्यू नोंदणी चालते. सोमवारी आधी तिथेच जातो. अपिलाचा मसुदा आज रात्री इथे टाकतो, कलमं तपासून द्या. आणि नष्ट केल्याची यादी त्याच अपिलात मागू शकतो, की त्यासाठी नवा अर्ज?

आवकजावक: नवा अर्ज. पहिल्या अर्जात ती मागितलेली नव्हती, अपिलात घुसडलीत तर "नवीन मागणी" म्हणून तेवढ्यावरून टोलवतील. एकच विषय ठेवा, 150 शब्दांच्या आत.