अनुभव धागा: फौजेतून श्रम न्यायालयात

मालवाकन्या (इंदूर)
आमची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची थकबाकी मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्या कामगारांविषयीचा एक लेख परवा वाचला आणि बाबांची फार आठवण झाली, म्हणून हा धागा काढते आहे. १९६२च्या चीन युद्धानंतर सैन्याला अधिकारी तातडीने हवे होते, तेव्हा बाबांना इमर्जन्सी कमिशन मिळाले. १९६५ साली ते सियालकोट आघाडीवर होते. पुढे सेवामुक्त होऊन इंदूरला परतले, नोकरी सांभाळून वकिलीची परीक्षा दिली आणि उरलेली सारी वर्षे सरकारतर्फे श्रम न्यायालयात उभे राहिले.

किमान वेतन न देणाऱ्या मालकावर श्रम विभागाने खटला भरला, की बाबा मजुराच्या बाजूचे असत. पण एखाद्या सरकारी खात्याने कामावरून काढलेला रोजंदार दाद मागायला आला, की त्यांनाच खात्यातर्फे, म्हणजे मालकातर्फे, उभे राहावे लागे. हे त्यांना जड जाई. बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई दिल्यावाचून कमी करता येत नसे, त्यामुळे सारा वाद हजेरीवर येऊन ठेपे आणि हजेरीचे मस्टर असे खात्याच्याच कपाटात. ‘मस्टर सापडत नाही’ असे उत्तर आले, की बाबा ते न्यायालयात दाखल करायला साफ नकार देत आणि मूळ मस्टर आणायला माणूस परत पाठवत. लढाईच्या दिवसांत रोज संध्याकाळी हजेरी घेताना ज्या नावाला ओ आली नाही, त्या जवानाचे काय झाले हे शोधून काढणे त्यांच्याकडे असे. हजेरीतले नाव गहाळ होऊ देणे त्यांना कधीच सहन झाले नाही.

आपल्याही घरी असे कोणी असेल, तर अवश्य लिहावे.

लष्करकर (ग्वाल्हेर)
माझे वडील समोरच्या बाजूला होते, रोजंदारीवरचे बेलदार, म्हणजे खोदकाम करणारे मजूर. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६(४) प्रमाणे समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय वकिलाला उभे राहता येत नसे. पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, सरकारी वकील स्वतः व्हरांड्यात वडिलांजवळ आले. तेही माजी फौजी होते. ‘तुम्ही नाही म्हणालात तर मला उभे राहता येणार नाही, आधी तुमच्या युनियनच्या पुढाऱ्याला विचारा,’ असे त्यांनी सांगितले. वडिलांनी विचारून संमती दिली. निकालात नोकरी परत मिळाली नाही, भरपाई मिळाली. पण त्या गृहस्थांविषयी वडील अखेरपर्यंत आदरानेच बोलत.

मालवाकन्या
दादा, संमतीची ही बाजू मला ठाऊकच नव्हती. मनापासून आभार.

स्नेहलतागंज
आमचे हे १९७१च्या लढाईत होते. पलटणीत असताना शहीद जवानांच्या घरी पत्रे लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. पुढे श्रम विभागात, कारखान्यातल्या अपघाती मृत्यूचे प्रकरण आले, की ते त्या विधवेला सोप्या भाषेत पत्र लिहीत: पेशी कोणत्या तारखेला आहे, कोणते कागद आणायचे, कोणाला पैसे द्यायचे नाहीत. १९२३च्या कामगार भरपाई कायद्यात असे पत्र लिहिण्याची सक्ती कुठेच नव्हती. युद्धाविषयी ते घरात एक अक्षर बोलले नाहीत, त्या बायकांविषयी मात्र जेवताना तळमळून बोलत.

सनदधारक
मस्टरचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. २४० दिवस भरल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हदिमणी प्रकरणात स्पष्ट केले. ज्याला नेमणुकीचे पत्रसुद्धा मिळत नाही, त्याने ते कशाच्या बळावर सिद्ध करायचे? अशा वेळी खुद्द सरकारी वकील मूळ मस्टर मागवतो, याचे मोल आम्हा कामगारांच्या वकिलांना पुरते ठाऊक आहे.

परदेशीपुरा
धाग्यात विचारणे योग्य आहे की नाही, कल्पना नाही. माझ्या मामांनी एका कारखान्यात बरीच वर्षे काम केले, ग्रॅच्युइटी मिळालेली नाही आणि हजेरीचा एकही कागद हाती नाही.

सनदधारक
अवश्य विचारावे. पाच वर्षांची सलग सेवा असेल तर हक्क आहे, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांत रक्कम न दिल्यास मालकाला व्याजही द्यावे लागते. ई.एस.आय.चे (कामगार राज्य विम्याचे) कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, पगाराची एखादी जुनी चिठ्ठी, जे मिळेल ते शोधा.

परदेशीपुरा
ई.एस.आय.चे कार्ड मामींच्या पेटीत आहे.

सनदधारक
मग त्याच्या दोन प्रती काढा आणि मूळ कार्ड कोणाच्याही हाती देऊ नका.