‘ज्ञानेंद्रिय’ आणि ‘संवेदना’: पाच नेमकं काय?

प्रश्न
मुलीच्या वहीत ‘माणसाला पाच संवेदना असतात’ असं वाक्य आहे. पाच ज्ञानेंद्रियं आपण सगळेच शिकलो. पण म्हणून संवेदनाही पाचच का? आणि ‘सहावं इंद्रिय’ म्हणतात ते कोणतं?

प्रतिसाद
वहीतलं वाक्य चूक आहे. इंद्रिय हे साधन, संवेदना म्हणजे त्यातून जे कळतं ते. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही साधनं पाच भरतात. संवेदना मोजायला गेलं की कानापाशीच हिशेब बिघडतो. आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाकृती नळीला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. त्यांचा ऐकण्याशी संबंध नाही, त्या तोल सांभाळतात. गोल गोल फिरून थांबलं तरी गरगरत राहतं, कारण नलिकांतला द्रव लगेच थांबत नाही. म्हणजे कान एक, संवेदना दोन.

तिखटाचं तर मला फार नवल वाटतं. मिरची झोंबते ती चव नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंच्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) चेतवतं, तोच साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही चेततो. मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला की आग होते ती यामुळेच. डोळ्याला चव कुठे कळते? ‘तोंड भाजलं’ हे आपलं बोलणं अगदी शास्त्रशुद्ध आहे. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाचे ग्राहक शोधणारे आर्डेम पटापुटियन यांना २०२१चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आता डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावून बघा. हात कुठे आहे हे न बघता कळलं, ते स्नायू आणि सांध्यांमधल्या ग्राहकांमुळे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ साली याला प्रोप्रियोसेप्शन म्हटलं. शिवाय वेदना, भूक, तहान आहेतच. कोणी नऊ मोजतं, कोणी वीसच्या वर जातं.

प्रतिसाद
पण मग आयुर्वेदातल्या षड्रसांत तिखट कसं? संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, पण रस म्हणून दोन्ही मोजलेत.

प्रतिसाद
बरोबर, कारण आयुर्वेदाचा ‘रस’ पदार्थाच्या गुणाचा आणि शरीरावरच्या परिणामाचाही विचार करतो. जिभेवरच्या ग्राहकांची ती यादी नव्हे. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी ठेवाव्यात, एकीने दुसरी खोडू नये.

सहाव्याबद्दल: गीतेत (१५.७) ‘मनःषष्ठानीन्द्रियाणि’ आहे, म्हणजे सहावं मन. सांख्य दर्शनात पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं आणि मन धरून अकरा होतात. अघटिताची चाहूल या अर्थाचं ‘सहावं इंद्रिय’ इंग्रजी वळणाचं आहे. त्यासाठी ‘मनात पाल चुकचुकली’ असताना ते कशाला हवं?

मूळ प्रश्नकर्ती
आभार. वहीत ‘पाच ज्ञानेंद्रिये’ असं दुरुस्त करून घेते. प्रोप्रियोसेप्शनला ‘अंगभान’ चालेल का?

प्रतिसाद
शब्द गोड आहे, पण ‘भान’ म्हटलं की लक्ष असणं आलं, आणि ही संवेदना आपलं लक्ष नसतानाही काम करत असते. जिना उतरताना पायांकडे कोण बघतं? मी ‘स्थितिसंवेदना’ म्हणेन.