एमबीए करायचंय पण मार्क बेताचेच, सल्ला हवाय
राम राम मंडळी, मी रावेरचा, जळगावला बीकॉम केलं, ५४ टक्के. एमबीएच्या सीईटीला (राज्याची प्रवेश परीक्षा) ७१ पर्सेंटाइल, निगेटिव्ह मार्किंग नसूनही एवढेच, कारण १५० मिनिटांत २०० प्रश्न म्हणजे हात चालला पाहिजे आणि मी लॉजिकलमध्येच अडकून बसतो. पात्रतेला ५० टक्के लागतात म्हणून फॉर्म तर भरता येतो पण मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या टॉपच्या कॉलेजची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही हे मलाही कळतं. दोन वर्षं झाली एका केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोब बघतोय, भाव, गाड्या भरणं, शेतकऱ्यांचं पेमेंट सगळंच, पण कॅप राउंडला (सीईटीवरच्या सरकारी प्रवेश फेरीला) हा अनुभव कोण विचारतं, तिथे स्कोअरच चालतो. मग यंदा जळगाव नाहीतर नाशिकला मिळेल ते कॉलेज घेऊ की परत सीईटी देऊ? कॅटवाल्या (देशपातळीवरची एमबीए प्रवेश परीक्षा) कॉलेजात इंटरव्ह्यू असतो, तिथे या कामाचा काही उपयोग होतो का, की दहावी-बारावी बघूनच बाहेर (दहावी ६८, बारावी ५७)? एका क्लासवाल्याने मॅनेजमेंट कोट्याचं सुचवलं, फी ऐकून अण्णा दोन दिवस बोललेच नाहीत. कमी मार्कांवर कोणी केलं असेल तर खरं खरं सांगा भो.